दागिन्याची पाठ

दागिना घडवायला जागा फार लागत नाही. अडीच-तीन फुटांचे मेज, त्याच्या कडेतून पुढे आलेला लाकडी खुंट, डोक्यावर हवा तसा वाकवता येणारा दिवा आणि कानशीतून पडणारा कीस झेलायला मांडीवर चामड्याची झोळी. एवढ्यात एका माणसाचा कारखाना बसतो. कांदिवली पश्चिमेच्या चारकोपसारख्या वसाहतीत हे काम घरातल्या घरात होऊ शकते, ते यामुळेच.

चारकोपची घडण या कामाला सोयीची आहे. जागतिक बँकेच्या अर्थसाहाय्याने १९८५मध्ये सुरू झालेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पात म्हाडाने इथे आखलेले भूखंड, रस्ते, पाणी आणि गटारे दिली. घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे बांधायचे होते. भूखंड लहान, साधारण २५ ते ४० चौरस मीटरचे. तीस-पस्तीस घरांची एक संस्था आणि मधे सगळ्यांचा मिळून एक चौक. पुढे बैठ्या घरांवर मजले चढले. पत्त्यात सेक्टरबरोबर ‘आरएससी’ क्रमांक मात्र अजून लिहावा लागतो, नाहीतर रिक्षावाला त्याच त्या गल्ल्यांतून फिरत राहतो. अशा घरांत खाली शिलाई, पार्लर किंवा शिकवणी आणि वर संसार ही मांडणी नवी नाही. दागिन्यांचे मेजही त्या रांगेत बसते.

जागेचा ठसा मात्र कामावर उमटतो. घरात मोठी भट्टी चालवता येत नाही, तेजाबाच्या वाफा कोंडून ठेवता येत नाहीत आणि रात्री दहानंतर हातोडा चालला की भिंतीपलीकडची शेजारीण दार वाजवते. त्यामुळे इथल्या हातकामाचा कल आपोआप लहान, हलक्या आणि बारकाईच्या कामाकडे जातो. चांदीच्या कामाचा एक संच अशा मेजावरून निघून प्रदर्शनाच्या टेबलापर्यंत कसा पोहोचतो, ते पुढे क्रमाने पाहू. उदाहरण म्हणून चारकोपच्या पश्चिमेला खाडीकाठी उभ्या असलेल्या तिवराचे पान घेतले आहे.

धान्य, फूल आणि खाडी

मराठी दागिन्यांची नावे एका दमात वाचली तर शेत, कोठार आणि परसबाग डोळ्यांपुढे येते. जोंधळी पोत, बोरमाळ, पोहेहार, जवमणी, चिंचपेटी, बकुळहार, चंपाकळी. घडवणाऱ्याने रोज जे पाहिले, निवडले, वेचले, त्याचाच आकार त्याने सोन्यात उतरवला. जोंधळ्याच्या दाण्याएवढा मणी करायचा तर जोंधळा हातात धरून पाहिलेला असावा लागतो. कोल्हापुरी साजाची पाने तर धर्मकथाच सांगतात. मासा, कासव, नृसिंह अशी दशावतारांची चिन्हे जवमण्यांच्या मधून ओवलेली असतात. ही नावे आज कॅटलॉगमध्ये ‘पारंपरिक’ या शिक्क्याखाली छापली जातात, पण ती पहिल्यांदा ठेवली गेली तेव्हा ती आजूबाजूच्या गोष्टींचीच होती.

या न्यायाने चारकोपच्या कारागिराने तिवराकडे वळणे हे परंपरेत राहणेच आहे. तिवर हे खाडीकाठच्या खाऱ्या चिखलात वाढणारे झाड. त्याची श्वसनमुळे पेन्सिली रोवून ठेवाव्यात तशी चिखलातून वर येतात. पान वरून हिरवेगार आणि पाठीमागून करडे, जवळजवळ रुपेरी. मुळांवाटे शिरलेले जास्तीचे मीठ हे झाड पानांवाटे बाहेर टाकते. कोरड्या दिवसांत दुपारी पान भिंगाखाली धरले तर त्यावर मिठाचे बारीक कण दिसतात, आणि जिभेला लावले तर खारट लागते. पहिल्या पावसात ते धुऊन जातात.

कल्पना सुचणे ज्याला म्हणतात ते असेच, पाहण्यातून घडते. कांदळवनाला कायद्याचे संरक्षण आहे, फांदी तोडायची नाही. पण गळलेली पाने वहीत दाबून ठेवता येतात. चांगल्या कारागिराच्या वहीत रेखाटनांइतक्याच नोंदी असतात: पानाची लांबी-रुंदी, देठ किती अंशात वळतो, वाळल्यावर कोणती कडा आधी मुडपते. त्याच वहीत पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात किंवा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात पाहिलेल्या जुन्या कामाचीही टिपणे असतात. एखाद्या जुन्या वाकीवर रवे कसे बसवले आहेत, फासा कसा अडकतो, हे पुस्तकातल्या चित्रातून नीट कळत नाही. पेटीभोवती फिरून, वाकून पाहावे लागते.

कागदावरचा दागिना

धातूला हात लावण्यापूर्वी दागिना कागदावर पूर्ण घडलेला असावा लागतो. चित्र खऱ्या मापाचे, म्हणजे एकास एक. समोरून, बाजूने आणि मागून अशी तीन दृश्ये. बाजूचे दृश्य जाडी सांगते आणि मागचे दृश्य अडकवायची सोय. शिकाऊ माणूस हटकून मागचे चित्र टाळतो आणि मग तयार डुलाला काडी कुठे लावायची हा प्रश्न शेवटी त्याच्यापुढे उभा राहतो.

या चित्रकलेची ताकद किती असू शकते, त्याचे मोठे उदाहरण गोव्यात जन्मलेले अंबाजी शिंदे (१९१७–२००३). मुंबईच्या सर ज. जी. कला विद्यालयात ते शिकले, इथल्या जवाहिऱ्यांकडे संस्थानिकांसाठी दागिन्यांची चित्रे करू लागले आणि १९६०च्या दशकात न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन या जगप्रसिद्ध पेढीत जाऊन तिचे मुख्य संकल्पनकार झाले. त्यांची जलरंगातली चित्रे इतकी नेमकी असत की हिरा कोणत्या बाजूने प्रकाश घेणार हे कागदावरच कळे. दागिना विकला जातो, मोडला जातो, वितळवला जातो. चित्र मात्र पेढीच्या संग्रहात राहते. एवढा मोठा माणूस आपल्या शाळकरी पुस्तकांत कुठे भेटत नाही, याची खंत वाटते.

कागदानंतर नमुना. पुठ्ठ्याचे किंवा पातळ पितळी पत्र्याचे पान कापून दोऱ्याने कानाला टांगायचे आणि दिवसभर घरात वावरायचे. ओढणीत अडकते का, फोन कानाला लावताना टोचते का, मान वळवली की उलटे फिरते का. कागदावर सुंदर दिसणाऱ्या निम्म्या कल्पना या परीक्षेत गळतात, आणि त्या गळाव्यातच. वजनही आधी मोजता येते. चार सेंटीमीटर लांब आणि जेमतेम दोन सेंटीमीटर रुंद पान ०.६ मिलिमीटर जाडीच्या चांदीच्या पत्र्यातून कापले तर ते सुमारे तीन ग्रॅम भरते. कानाच्या पाळीला ते सोसते. हेच पान पाच सेंटीमीटरचे केले की वजन दीडपट होते, आणि पाहायला मात्र फरक थोडाच दिसतो.

रव्याचे गणित

पानावरचे मीठ चांदीत दाखवायचे तर त्यासाठी जुनीच युक्ती आहे: रवाकाम. रवा म्हणजे धातूची भरीव, गोल गोळी. इटलीतल्या एट्रुस्कन सोनारांनी अडीच हजार वर्षांपूर्वी हे काम इतके बारीक केले होते की त्यांचे रवे पत्र्याला कसे चिकटले, याचा उलगडा युरोपातल्या कारागिरांना कित्येक शतके झाला नाही. तांब्याचा क्षार आणि सरस यांच्या साहाय्याने तसा जोड साधण्याची कृती इंग्लंडमध्ये लिटलडेल यांनी १९३३मध्ये पेटंट केली. आपल्याकडे मात्र गोठ-वाक्यांवर रवे लावणारे हात पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिले.

रवा बनवायची रीत सोपी आणि पाहायला मोठी गोड. चांदीची तार जंतरातून ओढून अर्धा मिलिमीटर जाडीची करायची. तिचे एकसारखे तुकडे पाडायचे. कोळशाच्या ठोकळ्यावर लहानसे खळगे करून एकेका खळग्यात एकेक तुकडा ठेवायचा आणि त्यावर ज्योत आणायची. तुकडा लालसर होतो, त्याची टोके आत मुडपतात, आणि मग डोळ्याचे पाते लवते न लवते तोच तो स्वतःभोवती गोळा होऊन चकाकता मणी बनतो. वितळलेल्या धातूचा पृष्ठताण त्याला गोल करतो, कारागिराने फक्त ज्योत वेळेवर बाजूला न्यायची. अर्धा मिलिमीटर तारेचा सुमारे २.७ मिलिमीटर लांबीचा तुकडा एक मिलिमीटर व्यासाचा रवा देतो. असे एक ग्रॅममध्ये सुमारे १८० रवे बसतात. तुकडे पाडताना केसभर चूक झाली तरी रवे लहान-मोठे होतात, म्हणून ते चाळणीतून चाळून प्रतवारी करतात. तिवराच्या पानाला मात्र लहान-मोठेच हवे असतात, कारण मीठ एकसारखे साठत नाही. इथे चाळणी बाजूला ठेवायची की नाही, हा निर्णय कारागिराचा.

अवघड भाग पुढचा आहे. पत्रा बारीक करवतीने पानाच्या आकारात कापतात, तापवून मऊ करतात, खळग्यात ठोकून त्याला पोट आणतात, कडा कानसतात. मग त्यावर डिंकाच्या पाण्यात ब्रशच्या टोकाने एकेक रवा मांडायचा. झाळीचा, म्हणजे जोड सांधणाऱ्या धातूचा, कीस आणि टाकणखार, म्हणजे सोनारांची सवागी, रव्यांच्या बुडाशी पेरायची. सगळे वाळू द्यायचे. घाई केली आणि पाणी उरले तर तापताना वाफेने रवे मेजभर उडतात. ज्योत सरळ रव्यांवर धरली तर ते पत्र्याच्या आधी तापतात आणि त्यांचा गोलपणा जातो, म्हणून उष्णता खालून, पत्र्यातून वर येऊ द्यावी लागते. ९२५ची चांदी ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास पूर्ण वितळते. कठीण झाळ त्याहून शंभरेक अंश अलीकडे धावते. सगळे काम या पट्ट्यात आहे. झाळ धावली की रव्यांच्या बुडाशी एक उजळ रेघ सळसळत जाते. ती दिसताक्षणी ज्योत दूर. दोन सेकंद उशीर झाला तर पानाची कडा आक्रसते आणि चार तासांचे काम मोडीत जाते.

झाळ लावण्याचाही क्रम असतो. आधी कठीण, मग मध्यम, शेवटी मऊ. म्हणजे नंतरच्या आचेत आधीचे जोड सुटत नाहीत. कानातली काडी सगळ्यात शेवटी, मऊ झाळीने. आचेने काडीही मऊ पडलेली असते. पकडीत धरून तिला अर्धा पीळ दिला की ती पुन्हा ताठ होते. हा अर्धा पीळ न दिलेली काडी पहिल्याच महिन्यात वाकते, आणि तक्रार घेऊन गिऱ्हाईक परत येते.

इतरांचे हात

एका मेजावर सगळे होत नाही. एकाच आकाराचे पन्नास नग हवे असतील तर मूळ नमुन्यावरून रबरी साचा करून मेणाच्या प्रती पाडतात, त्या मेणाच्या झाडावर फांद्यांसारख्या जोडतात, भोवती प्लास्टरसारखा लगदा ओततात, भट्टीत मेण वितळवून काढतात आणि त्या पोकळीत चांदी सोडतात. एक ग्रॅम मेणाला साधारण साडेदहा ग्रॅम चांदी, हा हिशेब या धंद्यात तोंडपाठ असतो. हे काम ओतकाम करणाऱ्याकडे जाते. खडे बसवणारा वेगळा, मुलामा देणारा वेगळा, मोती ओवणारी बाई वेगळी.

पश्चिम उपनगरांत अशा हातांची जाळी दाट आहे. मालाड हे नकली दागिन्यांच्या धंद्याचे मोठे ठाणे, अंधेरीच्या सीप्झमध्ये निर्यातीचे कारखाने, चारकोपमध्ये सरकारी औद्योगिक वसाहतीचे गाळे, आणि लोकलच्या दुसऱ्या टोकाला जव्हेरी बाजार. पिशवीत पन्नास ग्रॅम माल घेऊन गर्दीच्या डब्यातून हे फेरे घालणे हा या कामाचा न दिसणारा भाग आहे. माल देताना वजन करून चिठ्ठी, घेताना पुन्हा वजन, तुटीचा हिशेब तोंडावर. इथे विश्वास असतो आणि चिठ्ठीही असते.

मुलाम्याबद्दल स्पष्ट लिहायला हवे. ‘एक ग्रॅम सोन्याचे’ म्हणून विकल्या जाणाऱ्या दागिन्यात एक ग्रॅम सोने असतेच असे नाही. मुलाम्याची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात, आणि तो दशांश मायक्रॉनचा आहे की अडीच मायक्रॉनचा यावर तो सहा महिने टिकणार की काही वर्षे हे ठरते. प्रामाणिक कारागीर मुलाम्याची जाडी विचारण्याआधी सांगतो.

पाठ

दागिना कसा केला आहे ते त्याच्या पाठीवर कळते. दर्शनी बाजू सगळेच चकाकवतात. पाठीमागे झाळीचे ओघळ, कानशीचे ओरखडे, कडेला राहिलेली कूस दिसली की हात कच्चा आहे किंवा घाई झाली आहे. तिवराच्या पानाची तर पाठच मूळ रुपेरी. म्हणून तिला दर्शनी बाजूइतकाच वेळ द्यायला हवा: क्रमाक्रमाने बारीक होत जाणारे पॉलिश कागद, मग रिठ्याचे पाणी आणि मऊ ब्रश. दर्शनी बाजूला गंधकाच्या द्रावणाने काळे करून वरचे रवे पुन्हा उजळायचे, म्हणजे काळ्यावर मीठ उठून दिसते.

या काळेपणाचे खाडीशी नाते आहे. चांदी काळवंडते ती हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे, आणि भरती ओसरल्यावर कांदळवनाच्या चिखलातून जो कुजका वास येतो त्यात तसाच एक वायू असतो. खाडीजवळच्या दमट घरात उघडी ठेवलेली चांदी लवकर मळते. तयार माल म्हणून हवाबंद पिशवीत, ओल शोषणाऱ्या पुडीसकट ठेवतात.

घरात हे काम करणाऱ्यांनी स्वतःच्या छातीचीही काळजी घ्यावी. झाळीत कॅडमियम नको, त्याचा धूर विषारी असतो. तेजाबाऐवजी सायट्रिक ॲसिडचे कोमट पाणी बहुतेक कामांना पुरते. खिडकीत बाहेर फेकणारा पंखा, पॉलिश करताना मास्क, गॅसची नळी दरवर्षी नवी. स्वयंपाकघराच्या ओट्यावर झाळकाम करणे तर पूर्ण बंद व्हावे.

किती नग, कोणते प्रदर्शन

प्रदर्शने अनेक प्रकारची असतात आणि प्रत्येकाची तयारी निराळी. दिवाळीआधी दादर, पार्ले, बोरिवलीच्या सभागृहांत दोन-तीन दिवसांची विक्री-प्रदर्शने लागतात. तिथे येणारी बाई पाडव्याला घालायचा दागिना शोधत असते. १९९९पासून भरणाऱ्या काळा घोडा महोत्सवात फिरायला आलेली गर्दी असते. तिला गोष्ट ऐकायला आवडते आणि ती लहान वस्तू घेऊन जाते. रत्न व आभूषण निर्यात परिषदेचे ‘आयआयजेएस’ हे व्यापाऱ्यांचे प्रदर्शन. त्याचे एक ठिकाण असलेले गोरेगावचे नेस्को मैदान कांदिवलीहून लोकलने दोनच स्थानकांवर असले, तरी तिथे एकट्या मेजाचा कारागीर मांडायला कमी आणि पाहायला जास्त जातो. कलादालनातली मांडणी आणखी वेगळी. तिथे मोजके नग असतात आणि प्रत्येकाभोवती मोकळी जागा.

सहा फुटी टेबलासाठी चाळीस-पन्नास नग पुरतात. त्यात दोन-तीन मोठी कामे हवीत: तिवराच्या फांदीची मान भरणारी हासळी, रव्यांची पोत. ती बहुधा विकली जात नाहीत, पण लांबून पावले तीच थांबवतात. मधल्या किमतीचे डूल, अंगठ्या, नथी. आणि भरपूर लहान काम: एका पानाची चमकी, श्वसनमुळांसारख्या काड्यांच्या कुड्या. टेबलाचे भाडे याच लहान कामातून निघते. नथ दोन प्रकारची ठेवावी लागते, टोचलेल्या नाकाची आणि दाबाची, कारण नाक न टोचलेल्या मुली दाबाच्याच नथी मागतात.

किंमत ठरवणे हा बहुतेक कारागिरांचा कच्चा विषय आहे. धातू, तूट, ओतकाम, मुलामा, डबी, टेबलाचे भाडे हे सगळे धरले जाते आणि स्वतःचे तास विसरले जातात. घरात बसून केलेल्या कामाचे तास मोजायचे असतात, हे घरातल्यांनाही पटत नाही. रव्यांच्या एका जोडीला सहा तास लागले असतील तर ते सहा तास किमतीत दिसलेच पाहिजेत. गिऱ्हाईक परवडत नाही म्हणाले तर रवे कमी करावेत, मजुरी कमी करू नये.

मग वही आणि कागद. प्रत्येक नगाला क्रमांक, शंभरांश ग्रॅमपर्यंत वजन, दोन्ही बाजूंचे छायाचित्र. दागिन्यांवर तीन टक्के जीएसटी. सोने असेल तर हॉलमार्क, आणि १ एप्रिल २०२३पासून सहा अक्षर-अंकी ओळख क्रमांक असल्याशिवाय हॉलमार्कचे सोने विकता येत नाही. दोन ग्रॅमच्या आतल्या नगांना या सक्तीतून सूट आहे. म्हणून सोन्याच्या चमकीवर किंवा हलक्या नथीवर शिक्का नसतो. अशा वेळी बिलावर कस लिहून देणे हाच गिऱ्हाइकाचा आधार.

टेबलावर

गळ्याशिवाय दागिना मांडणे ही या कामातली शेवटची अडचण. हार सपाट टेबलावर ठेवला की दोरीच्या वेटोळ्यासारखा दिसतो. त्याला मानेचा उतार द्यावा लागतो, डूल टांगलेले असावे लागतात, अंगठी उभी. तीन पायऱ्यांची मांडणी केली तर मागचे पुढच्याच्या आड जात नाही. कापड एकरंगी आणि बिनचमकीचे असावे. काळवंडवलेल्या चांदीला काळा मखमली कपडा मारतो, तिला फिका खादीचा रंग उठाव देतो. सभागृहाच्या पांढऱ्या ट्यूबलाइटवर विसंबू नये, स्वतःचे दोन दिवे न्यावेत. सोन्याला पिवळसर उजेड लागतो, चांदीला जरा पांढरा. टेबलाचा आरसा मोठा आणि चेहऱ्याच्या उंचीवर असावा. बाई दागिना उचलून आधी आरसा शोधते, आणि आरसा नसला की दागिना खाली ठेवते. कानात आणि नाकात घालायचे नग प्रत्येक वेळी स्पिरिटने पुसलेच पाहिजेत.

दिवस संपला की नग मोजून, वजन करून पेटीत. चोरीपेक्षा गोंधळात हरवणारे नग जास्त असतात. शेवटच्या दिवशी उरलेल्या मालाची यादी वहीशी ताडायची आणि कोणता नग किती जणींनी उचलला, किती जणींनी परत ठेवला, ते आठवत असतानाच लिहून ठेवायचे. पुढच्या संचाची सुरुवात त्या नोंदीतून होते. न विकलेले काही नग पुन्हा उजळून पुढच्या प्रदर्शनाला जातात. जे कधीच कोणी उचलले नाहीत ते मोडीत निघतात, आणि झोळीतल्या किसासह गाळणाऱ्याकडे जाऊन पुन्हा शुद्ध चांदी होतात.

प्रदर्शन भरवणाऱ्यांनी नगाशेजारच्या चिठ्ठीवर किमतीबरोबर घडवणाऱ्याचे नाव लिहावे. ओतकाम, जडाव, मुलामा कोणी केला तेही लिहावे. दोन ओळींची जागा लागते. आणि यंदा दिवाळीच्या प्रदर्शनात चांदीचे पान हातात आले, तर आरशाकडे वळण्याआधी ते उलटे करून उजेडात धरावे.